ताईच्या सीटचे बोल्ट

भाऊजी,

परवा तुमचं तेरावं झालं. पाहुणे आपापल्या गावी गेले, समीर काल रात्रीच्या गाडीने बंगळूरला गेला आणि घराची किल्ली माझ्याकडे आली. पेपरात तुमच्या निधनाची चार ओळींची बातमी आली, तीत दोन चुका होत्या. एक तुमच्या आडनावात आणि दुसरी, काय सांगू, 'मुद्रितशोधक' या शब्दात. समीरने मला विचारलं, "मावशी, दुरुस्त करून पुन्हा छापून घेऊ का?" मी म्हटलं, "राहू दे. बाबांना तेवढंच काम." त्यावर तो किंचित हसला. त्या आठवड्यात तो पहिल्यांदाच हसला असेल.

लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलले. सज्जन, अबोल, कामाला चोख. सगळं खरंच आहे. पण मी त्या चटईवर बसून ऐकत होते तेव्हा मला दिसत होता जुना बाजार. ताडपत्रीवर बोल्टांचा ढीग, पालथ्या घातलेल्या क्रेटवर बसलेले तुम्ही, हात कोपरापर्यंत काळे, आणि चष्मा कपाळावर सरकवून एकेक बोल्ट डोळ्यांजवळ नेणारे. छापखान्यात तुम्ही प्रुफं अशीच बघत असणार.

ताई गेल्यावर आपण दोघं फारसे बोलत नव्हतो, हे बाहेर कुणाला कळलं नसेल. सणावारी मी डबा घेऊन येत होते, तुम्ही दार उघडत होता, "ये नलू" म्हणत होता. पण माझ्या मनात एक गोष्ट अडकली होती आणि ती तुम्हाला ठाऊक होती. माझी सख्खी मोठी बहीण वर्षभर आजारी होती आणि तुम्ही मला कळवलं नव्हतं. मी तेव्हा लेकीकडे, परदेशात. तिचं बाळ अपुऱ्या दिवसांचं, मला हलता येत नव्हतं, सगळं खरं. पण रोज फोन होत होते. रोज ताई मला विचारत होती, बाळाचं वजन किती वाढलं. आणि तुम्ही शेजारी बसून ऐकत होता. मी परत आले तेव्हा ताई बोलण्याच्या पलीकडे गेली होती. मी तिचा हात धरला तर तो तिने ओळखला की नाही, हेही मला आजवर कळलेलं नाही.

त्यामुळे गेल्या वर्षी एका सकाळी तुमचा फोन आला तेव्हा मी जरा कोरडेपणानेच बोलले.

"नलू, तुला गाडी शिकवता येईल का?"

"कुणाला?"

"एक विद्यार्थी आहे. सत्तरी ओलांडलेला. वर्तणूक चांगली आहे."

मला वाटलं थट्टा करताय. तुम्ही आणि गाडी? लग्नापासून गाडी चालवली ती ताईने. आपल्या घरात पहिल्यांदा चाक हातात घेतलं ते तिने, मला शिकवलं तेही तिने, आणि तुम्ही कायम डाव्या बाजूला, मांडीवर पिशवी घेऊन. लोक हसत. तुम्हाला त्याचं कधी काही वाटलं नाही. मी कारण विचारलं तर म्हणालात, "रिक्षावाल्यांशी बोलून बोलून कंटाळलो." जो माणूस घरातही मोजकं बोलतो तो रिक्षावाल्याशी किती बोलत असेल, हे मी विचारलं नाही.

ताईची लाल गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आच्छादनाखाली उभी होती. तसली गाडी बनवणं कंपनीने केव्हाच बंद केलंय. शिंदे मेकॅनिकला बोलावलं. त्याने नवी बॅटरी लावली, तेल बदललं, टायर बदलायला सांगितले, आणि इंजिन थोडं खोकून सुरू झालं. तुम्ही खूश होऊन दार उघडलंत आणि आत बसायला गेलात. बसताच येईना. ताई जेमतेम पाच फुटांची. तिने सीट पार पुढे ओढून ठेवलेली असायची. तुम्ही सहा फुटांचे. गुडघे स्टीअरिंगला टेकले, डोकं छताला. शिंदेने खालचा दांडा ओढून सीट मागे ढकलली. हलेना. आच्छादन कुठेतरी फाटलं होतं, दाराचं रबर कुजलं होतं, पावसाचं पाणी आत झिरपून सीटखालची जमीन आणि सीट ज्यांवर सरकते ते रूळ, सगळं गंजून एक झालं होतं.

"रूळ काढून साफ करावे लागतील," शिंदे म्हणाला. "चार बोल्ट आहेत. निघाले तर बरं."

तुम्ही गाडीबाहेर येऊन उभे राहिलात. मग म्हणालात, "आज नको."

पुढे बरेच दिवस तुम्ही विषयच काढला नाहीत. शिंदेच मला फोन करून विचारायचा, मॅडम, काय करायचं? शेवटी मी आले. तुम्ही गाडीपाशी नेलंत, दार उघडलंत आणि म्हणालात, "आधी तू एकदा बस. जशी आहे तशी. मग काढू."

मी काही ताईइतकी बुटकी नाही. तरी अंग चोरून बसले. छाती स्टीअरिंगपाशी आली, पाय दुमडले गेले. आरशात बघितलं तर मला माझा गळा दिसला. आरसा तिच्या डोळ्यांच्या उंचीला लावलेला होता. भाऊजी, मला तोवर ताई कधी लहान वाटली नव्हती. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. शाळेत माझं दप्तर धरणारी, बाबांसमोर माझी बाजू घेणारी, कुणालाही न घाबरणारी. माझ्या मनात ती उंचच होती. त्या जागेत बसल्यावर कळलं, केवढीशी होती ती. मी स्टीअरिंगवर डोकं टेकून रडले. तुम्ही बाहेर, टपावर हात ठेवून उभे होता.

मग शिंदेने पाना लावला. गंजावर तेल मारून ठेवलं होतं तरी पहिला बोल्ट डोक्यापासून तुटला. दुसराही. तिसऱ्याचं डोकं पान्याखाली गुळगुळीत झालं. चौथा तेवढा सरळ निघाला. तुटलेले ड्रिल मारून काढावे लागले. शिंदेने आपल्या डब्यातला एक नवा बोल्ट लावून बघितला. तो दोन फेरे आत गेला आणि अडला. दुसरा घेतला, तोही तसाच. या गाडीच्या बोल्टांचे आटे नेहमीपेक्षा बारीक होते. शिंदे म्हणाला, "एवढ्याला काय, वेल्डिंग मारून टाकतो. कायमचं काम."

"कायमचं नको," तुम्ही म्हणालात. "सीट सरकली पाहिजे. उद्या नलूने चालवली तर?"

तो एक सरळ निघालेला बोल्ट तुम्ही रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलात आणि आपली भ्रमंती सुरू झाली.

पहिल्यांदा बोहरी आळी. तिथल्या एका दुकानदाराने नमुना हातात घेतला, उलटासुलटा केला आणि परत दिला. "हा नाही." "मिळेल कुठे?" "मिळत असता तर मी ठेवला नसता का?" तुम्ही बाहेर येऊन म्हणालात, "उत्तर तर्कशुद्ध होतं." पुढच्या दुकानात बारीक आट्यांचे होते, पण स्टेनलेस स्टीलचे. तुम्ही तेच घ्यायला निघालात. कधी गंजायचे नाहीत, असं तुमचं म्हणणं. दुकानदाराने हात मागे घेतला. "कशाला लावणार?" "गाडीच्या सीटला." "मग हे नेऊ नका. हे मऊ असतात. सीटचा बोल्ट आहे काका, देव्हाऱ्याचा नाही." मी त्याचंच म्हणणं उचलून धरलं. त्यावरून आपण लक्ष्मी रस्त्यापर्यंत वाद घातला. तुम्ही म्हणत होता, एकदा गंज बघितल्यावर पुन्हा गंजणारी वस्तू लावायची कशाला. मी म्हणत होते, गंजला तर पुन्हा बदलू, पण ऐन वेळी तुटता कामा नये. त्या वादात तुम्ही हरलात असं मी धरून चालले होते. पण दवाखान्यातसुद्धा तुम्ही एकदा म्हणालात की कडक आणि न गंजणारे, असे दोन्ही कुठेतरी मिळत असतील, आपण शोधलं नाही. तर तो वाद शिल्लक आहे.

नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं पालथी घातली. पाट्या वाचत तुम्ही पुढे, मी मागे. "नलू, हे बघ, 'सर्व प्रकारचे र्‍हस्व दरात पार्ट मिळतील.' दीर्घ दरात मिळत नसावेत." त्याला 'रास्त' म्हणायचं होतं की काय, यावर आपण चहाच्या टपरीवर बराच वेळ बोललो. तिथे बसल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण हसतोय. ताई गेल्यावर पहिल्यांदा. आणि लगेच मला स्वतःचा राग आला आणि मी घरी जायला उठले. तुम्ही विचारलंत, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." तुम्हाला कळलं असणार.

तिथल्याच एकाने सांगितलं, बुधवारी जुन्या बाजारात बघा, मोडीत निघालेल्या गाड्यांचे बोल्ट येतात. बुधवारी गेलो. ऊन रणरणत होतं. एक बाई ताडपत्रीवर लोखंडाचा ढीग मांडून बसल्या होत्या. नट, बोल्ट, बिजागऱ्या, साखळ्या, सगळं एकात एक.

"काय हुडकताय?" त्यांनी विचारलं.

तुम्ही रुमाल सोडून नमुना दाखवला.

"असंल की त्यात. बसा आन् बघा."

त्यांनी तुम्हाला क्रेट दिला, मला एक गोणपाट. शिंदेने बरोबर एक नट दिला होता. जो बोल्ट त्या नटात शेवटपर्यंत हाताने फिरेल तो आपला. मी निवडायची, तुम्ही फिरवून बघायचे. मधेच त्या बाईंनी मला हळूच विचारलं, "मालक का तुमचे?"

"नाही. बहिणीचे."

"बहीन न्हाई आली?"

"ती नाही आता."

"आगं बया," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोक्यावरची छत्री थोडी आपल्या दोघांच्या बाजूला सरकवली.

हात कामात होते, एकमेकांकडे बघायचं नव्हतं, म्हणूनच मला ते विचारता आलं असेल.

"तुम्ही मला का सांगितलं नाहीत, भाऊजी?"

तुम्ही हातातला बोल्ट फिरवत राहिलात. "तिने सांगू नका म्हटलं होतं."

"आणि तुम्ही ऐकलंत."

"सगळं आयुष्य ऐकलं. तिचं ते शेवटचं सांगणं. ते कसं मोडायचं?"

"मोडायचं होतं. मी तिची बहीण होते."

तुम्ही हातातला बोल्ट खाली ठेवलात. मग ढिगाकडे बघत तुम्ही बोलायला लागलात. इतकं सलग बोलताना मी तुम्हाला कधी ऐकलं नव्हतं.

"केमो घेऊन परत येताना गाडी तीच चालवायची, नलू. मी म्हणायचो रिक्षा करू. तर म्हणायची, रिक्षाचे धक्के सोसत नाहीत. ड्रायव्हर बोलवू म्हटलं तर, परक्या माणसासमोर मला ओकारी झालेली चालणार नाही. बंडगार्डनचा पूल ओलांडला की ती गाडी कडेला घ्यायची. दार उघडून वाकायची. मी पाठीवर हात ठेवायचो. मग तोंड पुसायची, पाणी प्यायची आणि परत गिअर टाकायची. मी शेजारी बसलेला. फाइल मांडीवर. एवढा मोठा माणूस आणि मला तिला घरी नेता येत नव्हतं. शेवटी शेवटी तर तिला क्लच दाबताना पाय दोन्ही हातांनी उचलून ठेवावा लागायचा."

मी म्हटलं, "मला सांगितलं असतं तर मी चालवली असती."

आणि तुम्ही म्हणालात, "हो."

तेवढंच. कारण दिलं नाहीत, तिचं नाव पुढे केलं नाहीत. त्या 'हो'ची मी दोन वर्षं वाट बघत होते. मला वाटायचं तो ऐकला की माझं मन शांत होईल. तसं काही झालं नाही. उलट तुमच्या हाताकडे बघून मला वाटलं, या माणसाला मी एकटं टाकलं होतं. तुमचं चुकलंच असं मी आजही म्हणेन. समोर असता तर तोंडावर म्हटलं असतं. पण त्या दिवसानंतर ते म्हणताना माझा आवाज चढला नसता.

त्यानंतर काही वेळाने तुमच्या हातातला बोल्ट नटातून सरळ पार गेला. तुम्ही तो मला दाखवलात. डोक्यावरचे मजबुतीचे आकडे स्वच्छ वाचता येत होते, गंजाचा फक्त वरवरचा थर. त्याच ढिगात त्याची आणखी दोन भावंडं निघाली. बहुतेक एकाच गाडीचे असावेत. त्या बाई म्हणाल्या, "गावलं का? बरं झालं," आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

शिंदेने आटे साफ केले, रूळ घासून रंग दिला, ग्रीस भरलं आणि सीट बसवली. या खेपेला तुम्ही 'आज नको' म्हणाला नाहीत. स्वतः दांडा ओढून सीट मागे नेलीत. ती इतक्या सहज गेली की तुम्ही दचकलात.

तुम्हाला शिकवणं सोपं नव्हतं, हे मात्र सांगते. रविवारी सकाळी येरवड्याच्या त्या मोकळ्या रस्त्यावर तुम्ही कुत्र्यासाठी थांबायचे आणि ते उठून जाईपर्यंत थांबून राहायचे. हॉर्न वाजवायला लाज वाटायची. "कुणाला तरी ओरडल्यासारखं वाटतं." गाडी बंद पडली की मागच्या स्कूटरवाल्याला काच खाली करून "माफ करा" म्हणायचे. एकदा एकाने वैतागून सांगितलं, "आजोबा, माफ केलं, आता घ्या पुढे." कच्चं लायसन्स पहिल्या फटक्यात मिळालं, कारण ती लेखी परीक्षा. पक्क्याला ट्रॅकवर आठ काढताना नापास झालात. समीरला फोनवर म्हणालात, "आठ येतो मला. उलटा येत नाही." पुढच्या वेळी पास झालात आणि घरी येऊन कुणाला सांगितलं नाहीत. मला संध्याकाळी म्हणालात, "उद्या सकाळी वेळ आहे का?"

मी डाव्या बाजूला बसले. तुम्ही सरळ ताईच्या हॉस्पिटलपर्यंत गाडी नेलीत. फाटकासमोर थांबलात, आत शिरला नाहीत. मग वळवलीत आणि त्याच रस्त्याने परत निघालात. बंडगार्डनचा पूल ओलांडल्यावर गाडी कडेला घेतलीत. इंजिन चालू, हात स्टीअरिंगवर. मागून बस हॉर्न देत गेली. तुम्ही आरशात बघितलं, इंडिकेटर दिला आणि घरापर्यंत एकदाही गाडी बंद पडू न देता आलात. खाली उतरल्यावर किल्ली हातात घेऊन म्हणालात, "पोचलो."

तुमचं आजारपण निघालं ते त्यानंतर काही महिन्यांनी. तो फोन मी विसरणार नाही. सकाळी मी भाजी चिरत होते. "नलू, रिपोर्ट आलाय. चांगला नाही. अजून समीरला सांगितलेलं नाही. आधी तुला सांगतोय."

मी गॅस बंद केला आणि निघाले.

लोक म्हणतात, फार वाईट झालं, ताईसारखंच झालं. मी त्यांना काही सांगत बसत नाही. पण तसंच नाही झालं, भाऊजी. या वेळी मला सगळं ठाऊक होतं. डॉक्टर काय म्हणाले, किती दिवस म्हणाले, गोळी कुठली सकाळची आणि कुठली रात्रीची. दर खेपेला न्यायला मी होते आणि आणायलाही मीच. तुम्ही डाव्या सीटवर डोळे मिटून असायचे, मधेच म्हणायचे, "तिसऱ्यावर घे, इंजिन रडतंय." शिकवलं मी आणि चुका तुम्ही काढत होता. बरं वाटेल त्या दिवशी तुम्ही ताईबद्दल बोलायचे. तिच्या संसारातल्या, माझ्या पाठीमागच्या ताईबद्दल. मला कधीच न दिसलेली. ती रागावली की भांडी घासायची, घासलेलीसुद्धा. तिने तुम्हाला पहिल्यांदा 'अहो' म्हणायचं टाळलं होतं आणि आठवडाभर कुठल्याही हाकेशिवाय संसार केला होता. बहिणीबद्दलच्या इतक्या गोष्टी मला तुमच्याकडून मिळाल्या, तिच्या माघारी. याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले. तुम्हाला ते आवडलं नसतं, म्हणून टाळत गेले.

शेवटच्या त्या दुपारी, दवाखान्यात, समीर औषधं आणायला खाली गेला होता. तुम्हाला धाप लागत होती, पण नजर स्वच्छ होती. तुम्हाला कायम दुसऱ्याला त्रास होईल याची धास्ती. ताईच्या शेवटच्या दिवसांतही तुम्ही मला सारखं सांगायचे, जा, घरी जाऊन पड जरा. आणि मी जायची.

"नलू," तुम्ही म्हणालात, "खाली जाऊन चहा पिऊन ये."

"नको. मला इथेच बरं आहे."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. पुन्हा आग्रह कराल असं वाटलं. पण तुम्ही चादरीवरचा हात थोडा बाजूला घेतलात, माझ्यासाठी जागा केलीत.

"मग बस," म्हणालात.